पाणी हवं का?

"पाणी हवं का?" तात्यांनी विचारलं.

मला पाणी नको होतं. मला त्यांचे चिंचोके हवे होते. माझ्या हातात बदामचा एक्का आणि किलवरची राणी होती, आणि असे पत्ते हातात असताना माणसाला तहान लागत नाही. मी मूठभर चिंचोके पुढे सरकवले होते. तात्यांनी त्यावर तीन मुठी सरकवल्या, चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचं विचारलं.

"नको. मी आहे खेळात," म्हणत मीही तेवढेच चिंचोके पुढे लोटले.

मधले, दोघांसाठी सामाईक असलेले पत्ते उघडायला लागल्यावर पहिल्याच झटक्यात एक्का आला. माझी एक्क्यांची जोडी झाली. मी मनातल्या मनात डाव जिंकून मोकळी झाले आणि उरलेला सगळा ढीग पुढे ढकलला. तात्यांनीही ढकलला आणि आपले दोन पत्ते उलटे केले. एक्का आणि राजा. म्हणजे जोडी दोघांचीही एक्क्यांची, पण माझ्या जोडीला राणी आणि त्यांच्या जोडीला राजा. माझ्यापुढची सतरंजी साफ झाली.

"चारू, तू वाढवलंस ते बरोबर होतं," तात्या चिंचोके डब्यात भरत म्हणाले. "मी उलट वाढवलं, तिथं टाकायचे होते पत्ते."

"एक्का-राणी टाकायची?"

"टाकायची की. दिसायला गोमटी आहे म्हणून काय झालं? मी काय सांगितलं तुला?"

"काही नाही. पाणी विचारलंत."

"चिंचोक्यांनी काय सांगितलं? 'बाई, माझ्याकडे तुझ्याहून बरं आहे' असं सांगितलं. माणूस इतकं स्पष्ट बोलतोय तर ऐकावं."

"आणि थाप मारत असला तर?"

"म्हातारी माणसं थापा मारत नाहीत. दम लागतो."

तात्या म्हणजे माझे सासरे, भालचंद्र शिराळकर. तरुणपणी इराकमध्ये कालव्याच्या कामावर ओव्हरसियर होते. तिथल्या वाळूत संध्याकाळी करायचं काय, म्हणून एका पोलिश इंजिनिअराने त्यांना पोकर शिकवला. परत आले तेव्हा बाकीच्यांनी सोनं आणलं, तात्यांनी हा खेळ आणला, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. त्या गेल्या आणि तात्यांना खेळायला कोणी उरलं नाही. त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, उपेंद्रला, पत्त्यांचा तिटकारा. मग रविवारी सकाळी ते मला घेऊन बसायला लागले. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घराच्या व्हरांड्यात आमचा अड्डा असायचा. पैसे नव्हतेच, परसातल्या चिंचेचे चिंचोके होते.

व्हरांड्याला लागून गाडीची खोली होती. गाडी नव्हती, म्हणून लग्नानंतर तात्यांनीच ती मला दवाखान्यासाठी मोकळी करून दिली. मी जनावरांची डॉक्टर. 'डॉ. चारुता शिराळकर, पशुवैद्यक' ही पाटी त्यांनी स्वतः भिंतीला ठोकली, किंचित तिरकी. शेळ्या, कुत्री, कुणाचा पोपट, कुणाची बैलजोडी, असं सगळं त्या पाटीखाली उभं असायचं. आजूबाजूच्या गावांतून म्हैस अडली म्हणून बोलावणं आलं, की मी केव्हाही जायची. माझी मुलगी रेवा तेव्हा दुसरीत होती. मी गेले की ती तात्यांजवळ झोपायची. सकाळी मला यायला उशीर झाला तर तिच्या दोन वेण्याही तात्याच घालायचे, एक नेहमी दुसरीपेक्षा वर.

खेळात तात्यांचे दोन नियम होते. पहिला तो, उलट वाढवलं की टाकायचे. दुसरा मला जास्त जाचक वाटायचा. एकदा पत्ते टाकले, की समोरच्याचे बघायचे नाहीत.

"दाखवा ना तात्या. खरंच होतं का काही तुमच्याकडे?"

"चिंचोके घातलेस?"

"नाही."

"मग नाही बघायचं."

आणि ते आपले पत्ते गड्डीत मिसळून टाकायचे. मी हळहळायची. हातातलं सोडणं एक वेळ जमतं. आपण सोडलं ते बरोबर की चूक, हे कधीच न कळता पुढचा डाव मांडणं मला जमत नव्हतं. धंद्यातही माझं तसंच. दुसऱ्या डॉक्टरने हात टेकलेलं जनावर मी चार दिवस धरून ठेवायची. तात्या म्हणायचे, "जनावरांना नको सोडूस. पत्त्यांना सोड."

त्या एक्का-राणीच्या डावानंतर केव्हातरी माझ्या डोक्यात उजेड पडला. तात्यांच्या हातात खरोखरच मोठे पत्ते आले, की ते समोरच्याला पाणी विचारतात. एरवी कधीही नाही. थाप मारताना नाही, साधे पत्ते असताना नाही. समोरचा आता बुडणार, हे दिसलं की त्यांना त्याची दया यायची आणि ती अशी तोंडातून सांडायची. मला हसू आलं. मी त्यांना बोलले नाही. पण तेव्हापासून पाण्याचं नाव निघालं की मी मुकाट पत्ते खाली ठेवायला लागले.

"शिकलीस!" तात्या खूश झाले.

पुढच्या दोन वर्षांत माझं आणि उपेंद्रचं संपलं. कारण काय, असं लोक विचारतात आणि मला सांगण्यासारखं काही सापडत नाही. बाई नव्हती, दारू नव्हती, हात उगारणं नव्हतं. तो आठवड्यातले चार दिवस कामासाठी पुण्यात असायचा, आणि उरलेले तीन दिवसही तो पुण्यातच असता तरी आम्हाला दोघांना कळलं नसतं. एक दिवस जेवताना तो म्हणाला, "आपण वेगळं व्हावं असं मला वाटतं," आणि मी "बरं" म्हणून आमटी वाढली. खोटं सांगत नाही, मला काही वाटलं नाही. शिवण्याआधी कातडी बधिर करतात ना, तसं काहीतरी झालं होतं. सुई आत जाताना दिसते, दुखत मात्र नाही.

संमतीनेच वेगळं व्हायचं म्हणून आम्ही एकच वकील केली, पाटणकर बाई. गावभागातल्या त्यांच्या ऑफिसात सगळे बसून अटी ठरवून घ्यायच्या होत्या. उपेंद्र तात्यांना घेऊन आला. मी एकटी गेले. माझा भाऊ कराडहून येतो म्हणाला होता, मीच नको म्हटलं.

लांब टेबल होतं. एका बाजूला उपेंद्र, त्याच्याशेजारी तात्या. समोर मी. टेबलाच्या टोकाला पाटणकर बाई. माझ्यापुढे पाण्याचा तांब्या होता आणि भरलेला पेला होता. मी आल्याआल्याच शिपायाने ठेवला होता.

"मुलगी आईकडे, यावर दोघांचं एकमत आहे ना?" बाईंनी सुरुवात केली.

"हो," उपेंद्र म्हणाला. "सुट्टीत माझ्याकडे. घर तात्यांचं आहे, ते चारूने सोडायचं. दवाखानाही."

"घर सोडते," मी म्हटलं. "दवाखाना नाही सोडणार."

हे मी घरून ठरवून आले होते. घर त्यांचं होतं, पण त्या खोलीतलं एकूण एक टेबल, आडवं कपाट, शेळ्यांसाठी भिंतीत ठोकलेली कडी माझी होती. लोक त्या दाराशी यायचे. दुसरीकडे गेले तर पुन्हा पहिल्यापासून मांडायला लागलं असतं. मला रेवा हवी होती आणि ती खोली हवी होती. बाकी काही नाही.

"जवळच भाड्याने राहीन," मी म्हटलं. "सकाळी येईन, संध्याकाळी जाईन. त्या खोलीला बाहेरून वेगळं दार आहे. कुणाला माझं तोंड बघायला लागणार नाही."

उपेंद्रने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. तो मुळात शांत माणूस. भांडताना तर आणखी शांत व्हायचा.

"तू इथंच राहणार असशील," तो म्हणाला, "तर मग रेवाने घर का सोडायचं? ती आहे तिथंच राहील. शाळा इथं, तिची खोली इथं. तू दिवसभर जनावरांत असतेस आणि रात्रीअपरात्री गोठ्यांवर जातेस. तेव्हा तिला सांभाळतं कोण? तात्या सांभाळतात. मी कोर्टात तिचा ताबा मागेन. तात्या सांगतील तिथं, काय आहे ते."

पाटणकर बाईंनी मान वर केली. "म्हणजे हे संमतीने राहत नाही मग. लढायला लागेल."

"लागलं तर लागलं."

माझ्या तोंडाशी उत्तर तयार होतं. चांगलं उत्तर होतं. तू चार दिवस पुण्यात असतोस, तुला तिच्या वर्गशिक्षिकेचं नाव माहीत आहे का? तिला ताप येतो तेव्हा कुठलं औषध चालत नाही, ते सांग. कुठल्याही न्यायाधीशाने ऐकलं असतं. हातात एक्का होता, राणी होती. आणि खरं सांगायचं तर मला वाटत होतं, हा थाप मारतोय. उपेंद्र आणि मुलीच्या वेण्या घालणार?

मी तात्यांकडे पाहिलं. टेबलाच्या कडेवर बोटं ठेवून बसले होते आणि त्या बोटांकडेच बघत होते. एवढी वर्षं रविवारी माझ्यासमोर बसलेला माणूस त्या दिवशी पलीकडच्या बाजूला होता. त्यांनी नुसतं 'मी नाही सांगणार' एवढं म्हटलं असतं तरी उपेंद्रचं सगळं तिथंच कोसळलं असतं. मी वाट पाहिली.

तात्यांनी मान वर केली.

"चारू," ते म्हणाले, "पाणी हवं का?"

भरलेला पेला माझ्या मनगटापासून वीतभर अंतरावर होता. पाटणकर बाईंनी आधी पेल्याकडे, मग तात्यांकडे पाहिलं. म्हाताऱ्याला दिसत नसेल, असं त्यांना वाटलं असावं.

मी ते उत्तर गिळलं. कसं गिळलं, कुणास ठाऊक. जीभ माझीच आहे की नाही, हेही मला त्या वेळी कळत नव्हतं.

"दवाखाना नको," मी म्हटलं. "ती खोली रिकामी करून देते. मी कराडला जाते. रेवा माझ्याकडे."

"नक्की?" बाईंनी विचारलं.

"नक्की. तसंच लिहा."

उपेंद्रने पेन खिशात ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती की निराशा, ते मला ओळखता आलं नाही. मी फार वेळ बघितलंही नाही. पत्ते टाकले होते.

खोली रिकामी करायला आठवडा गेला. पाटी तात्यांनीच काढली. स्टुलावर चढून ते पक्कड मागत होते, मी देत होते. एक खिळा गंजला होता, तो निघेना. तेवढ्यात हरिपूरचा एक शेतकरी पोटफुगी झालेली शेळी घेऊन आला. कपाटं बांधून झाली होती. मी पायरीवरच बसून तिला नळी घातली, वारा काढला. शेळी उठली. तो माणूस "पुढच्या वेळी कुठं यायचं ओ डॉक्टर?" म्हणून विचारत राहिला आणि मी नळी धूत राहिले. तात्या स्टुलावर तसेच उभे होते. मग त्यांनी तो गंजका खिळा भिंतीतच ठेवला आणि पाटी खाली दिली.

त्या अख्ख्या आठवड्यात मला रडू आलं नाही. लोकांना वाटलं, बाई खंबीर आहे.

कराडला शाळेच्या पहिल्या दिवशी मी रेवाच्या वेण्या घातल्या. चांगल्या घातल्या. तिने आरशात पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"ही वर पाहिजे. तात्यांसारखी."

मी ती वेणी सोडली आणि दुसरीपेक्षा वर बांधली. रेवाला स्टॉपवर सोडून मी घरी आले आणि न्हाणीघराची कडी लावून पोटभर रडले. दवाखान्यासाठी रडले, त्या पाटीसाठी रडले. तात्यांवर मला मनापासून राग आला होता, त्यासाठीही रडले. त्यांनी मला वाचवलं, असं मी स्वतःला सांगत होते. पोरगा खराच कोर्टात जाणार आहे, हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी मला आमच्या दोघांच्याच भाषेत बजावलं. मग राग कशाचा, ते मला कळत नव्हतं.

पुढे रेवाला सुट्टीत न्यायला आणि परत सोडायला तात्याच यायचे. एसटीने यायचे, दुपारी जेवायचे आणि परतीच्या गाडीपर्यंत दोन डाव व्हायचे. चिंचोक्यांचा डबा ते पिशवीतून आणायचे. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. कराडला दवाखान्याचा जम हळूहळू बसला. तीन-चार वर्षं वाईट गेली, मग बरं झालं. रेवा मोठी झाली, पुण्याला शिकायला गेली, आता वेणीच घालत नाही.

गेल्या दिवाळीनंतर तात्या माझ्याकडे राहायला आले होते. आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. पत्ते डोळ्यांजवळ धरून बघतात. चिंचोके तेच, झिजून गुळगुळीत झालेले. मी पिसत होते, तेव्हा ते अचानक म्हणाले, "तू कधी विचारलं नाहीस."

"काय?"

"पाटणकर बाईंच्या ऑफिसातलं."

"टाकल्यावर बघायचं नसतं. तुमचाच नियम."

"उपेंद्रचे नकोच बघू. त्याच्याकडे काय होतं ते मला नाही माहीत. मी माझे दाखवतोय."

"तुम्ही कुठे खेळत होतात?"

"खेळत होतो की." त्यांनी एक चिंचोका उचलून बोटांत फिरवला. "आदल्या दिवशी उपेंद्रने विचारलं, कोर्टात सांगाल का. मी हो म्हटलं. त्याच्यासाठी नाही. मला रेवा घरात हवी होती, चारू. तू गेलीस तरी चालेल, पण पोरगी जाऊ नये, असं झालं होतं मला. मी सांगितलं असतं. आई किती रात्री बाहेर असते, तिला झोपवतं कोण, जेवण कोण भरवतं. एक शब्द खोटा बोलायला लागला नसता. आणि तू हरली असतीस."

मी पिसायची थांबले.

"तो थाप मारत असेल-नसेल," तात्या म्हणाले. "मी मारत नव्हतो."

एवढी वर्षं मी त्यांना माझ्या बाजूचा साक्षीदार समजत होते. समोरचा मोठा हात त्यांचाच होता. न्हाणीघरात कशाचा राग आला होता, ते मला आत्ता कळलं. अंगाला ते आधीच कळलेलं होतं.

"मग पाणी का विचारलंत?"

"ठरवून नाही विचारलं. तुझ्याकडे बघितलं आणि तोंडातून गेलं." त्यांनी चिंचोका खाली ठेवला. "मोठा हात आला की जातंच ते."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? ती सवय?"

"तू ओळखलंस तेव्हाच कळलं मला. एकदम टाकायला लागलीस. आंधळा आहे का मी?"

"मग मोडली का नाहीत?"

"मोडली असती तर तू एक्का-राणी घेऊन बुडत राहिली असतीस," तात्या म्हणाले. "वाट आता."

मी वाटले. माझ्या हातात दुरी आणि सत्ती आली, वेगवेगळ्या रंगांची. याहून वाईट पत्ते या खेळात नाहीत. तात्यांनी आपले पत्ते डोळ्यांजवळ नेले, खाली ठेवले आणि मूठभर चिंचोके पुढे सरकवले. काहीतरी चांगलं आलं होतं त्यांच्याकडे, पाण्याइतकं नाही, पण चांगलं.

मी त्यावर तीन मुठी सरकवल्या. त्यांच्याकडे पाहिलं. मान आता सरळ राहत नाही त्यांची, थोडी हलत असते.

"तात्या," मी म्हटलं, "पाणी हवं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पत्ते खाली ठेवले.

"दाखवू?" मी विचारलं.

"नको. मी चिंचोके घातले नाहीत."

मी माझी दुरी आणि सत्ती गड्डीत मिसळली, आणि उठून त्यांच्यासाठी पाणी आणलं.